बागेतल्या 'मुक्या' ट्रॅक्टरसाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार.

जुळे सोलापुरातल्या आपल्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांनी तो छोटा ट्रॅक्टर पाहिलाच असेल. ना धूर, ना भडभड. मागं ट्रॉली लावून पालापाचोळा ओढतो, उन्हाळ्यात टाकी लावून रोपांना पाणी घालतो. पोरं त्याला 'मुका ट्रॅक्टर' म्हणतात. ई-रिक्षात असतात तशा १२ व्होल्टच्या चार लेड-ॲसिड बॅटऱ्या त्यात एकाला एक जोडलेल्या आहेत, म्हणजे सगळ्या मिळून ४८ व्होल्ट.

वर्गणी काढली तेव्हा पैसे ट्रॅक्टरपुरतेच जमले. देखभालीच्या सामानाचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, ही चूक समितीची.

मे महिन्यात आमचे माळीमामा बॅटरीचं एक ढिलं टर्मिनल (वायर जोडायचं टोक) आवळत होते. तेरा नंबरच्या पान्याचं दुसरं टोक शेजारच्या टर्मिनलला लागलं. फट्ट आवाज झाला, निळा-पांढरा लखलखाट झाला आणि पाना क्षणभर तिथंच चिकटून बसला. मामांची अंगठी पाना आणि टर्मिनलच्या मध्ये सापडली होती. बोटाभोवती अंगठीएवढाच गोल भाजला, तो वण अजून आहे. दवाखान्यातून परत येताना मामा एवढंच म्हणाले, "शॉक बसत नाही म्हणून तुम्हीच सांगितलाव की!"

सांगितलं होतं खरं, आणि ते अगदी खोटंही नव्हतं. कोरड्या हाताला ४८ व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही. पण भाजतो तो करंट. घरात शॉर्ट झालं की ३२ अँपिअरचा एमसीबी पडतो आणि वीज तुटते. बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर पाना आडवा पडला तर हजाराच्या वर अँपिअर धावू शकतात, आणि तिथं मध्ये 'पडणारं' काहीच नसतं. त्यात हा डीसी, म्हणजे एकाच दिशेनं सलग वाहणारा करंट. घरची वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगीला विझायला वाव मिळतो. बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही. म्हणून घरातला साधा स्विच इथं चालत नाही. फ्यूज आणि आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) डीसीसाठी बनवलेलेच लागतात.

दुसरी भीती शेडची आहे. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. हा वायू हलका, पत्र्याखाली जाऊन साठतो, आणि आपल्या शेडची एकुलती एक खिडकी कमरेएवढ्या उंचीवर. भरीत भर म्हणजे, धूळ बसू नये म्हणून कुणीतरी मायेनं बॅटऱ्यांवर जुनी सोलापुरी चादर टाकली होती. ॲसिडच्या शिंतोड्यांनी तिची चाळण झाली, वर वायू कोंडला तो वेगळाच.

बिनपैशाचं होतं ते आम्ही सुरू केलं आहे. काम करताना अंगठी, कडं, पाटल्या, घड्याळ काढून ठेवायचं. आधी चार्जर काढायचा, मग मधली जोडपट्टी सोडायची, म्हणजे ४८ चे दोन २४ होतात. मोटरची वीज कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोलरला लगेच हात लावायचा नाही, किल्ली काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये वीज राहते. आणि मोटर तपासायची तर मागची चाकं जॅकवर उचलून. ट्रॅक्टर मुका, चालू आहे की बंद हे कानाला कळत नाही.

बाकी मात्र पैशाचं काम आहे. १००० व्होल्टचा शिक्का असलेले इन्सुलेटेड पाने, तोंडावरची पारदर्शक ढाल, ॲसिड सोसणारे हातमोजे, डीसी फ्यूज आणि आयसोलेटर, चार्जरच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच), नीट अर्थिंग, आणि पत्र्याच्या वरच्या अंगाला दोन्ही बाजूंनी झरोके. एक झाकणाची, नळ लावलेली पाण्याची टाकीही हवी. डोळ्यात ॲसिड उडालं तर निदान १५ मिनिटं सलग पाण्यानं धुवावं लागतं, आणि आपल्याकडं नळाला रोज पाणी नसतं, हे सोलापूरकराला काय सांगायचं!

दुकानांत विचारून काढलेला अंदाज ४० हजारांच्या आसपास जातो. १०० रुपयेही चालतील. रोख दिली तर पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. वस्तू देणार असाल तर आधी एकदा विचारा, नाहीतर साधे पानेच पाच जण घेऊन येतील.

पैशाइतकीच गरज जाणकार हातांची आहे. परवानाधारक वायरमन किंवा ई-रिक्षाचं काम करणारा कुणी मेस्त्री एक रविवार देईल का? जोडण्या एकदा तपासून हव्यात, आणि माळीमामांसह तिघांना शिकवायचं आहे. त्या दिवशीचा नाश्ता आमच्याकडं.

समितीचं कुणी ना कुणी रोज सकाळी सहा ते नऊ शेडपाशी असतं. तो कडेला वितळलेला पाना दारावरच टांगून ठेवला आहे, आलात की बघा.

चादरी मात्र आणू नका.

आपली,
बाग समिती