आधी पिवळ्या दिव्याचे सेकंद जाहीर करा

महोदय,

वेग मोजणाऱ्या आणि सिग्नल तोडणाऱ्यांना टिपणाऱ्या स्वयंचलित कॅमेऱ्यांवर वाचकांची उलटसुलट पत्रे वाचतो आहे. एका गटाच्या मते ही दिवसाढवळ्या चाललेली वसुली आहे. दुसरा गट एकाच म्हणीत निकाल लावून मोकळा होतो : 'कर नाही त्याला डर कशाला?' कॅमेरे हवेत याच मताचा मी आहे. तरीही पहिल्यांच्या रागापेक्षा मला दुसऱ्यांची ही निश्चिंती जास्त खटकते.

2012 साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात एका मोटारमालकाला ताशी 38 मैल वेगाने गाडी हाकल्याबद्दल दंडाची नोटीस आली. पुरावा म्हणून जोडलेल्या छायाचित्रांत ती मोटार लाल सिग्नलला चक्क उभी होती. नोटीस तपासल्याची पोलिसाची सहीसुद्धा खाली होती! स्थानिक वृत्तपत्राने पाठपुरावा केला, अशा आणखी चुका बाहेर आल्या आणि 2013मध्ये शहराला कॅमेरे बंद ठेवावे लागले. रडारची लहर एखाद्या मोठ्या वाहनाच्या सपाट पत्र्यावर आपटून भलतीकडे वळली, तर असे घडू शकते. यंत्र म्हटले की चूक आलीच. पण छायाचित्र न बघता सही ठोकणारा माणूस यंत्राच्या पंक्तीत कसा बसतो, हे कोडे मला सुटलेले नाही.

माझी नोकरी मापनयंत्रे तपासण्यातच गेली, म्हणून हा विषय जरा जास्त जिव्हाळ्याचा. साधा तराजू घ्या. तो कोणत्याही नामांकित कंपनीचा असो, ठरलेल्या मुदतीत तिऱ्हाइताने तपासून शिक्का मारल्याशिवाय त्यावर धंदा करता येत नाही. वापरणाऱ्यानेच शिक्का मारून घेतला तर गिऱ्हाईक तिथे थांबणार नाही. वेग मोजणारा कॅमेरा हेही मापनयंत्रच. त्याची शेवटची तपासणी कधी झाली, कोणी केली आणि त्रुटी किती निघाली, हे दंडाच्या नोटिशीवर छापलेले असावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

आता कॅमेऱ्यांच्या बाजूने. या विषयावरच्या 35 अभ्यासांचा कोक्रेन या आरोग्यविषयक संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने 2010 साली एकत्रित आढावा घेतला. कॅमेऱ्यांच्या परिसरात जीवघेणे आणि गंभीर अपघात 11 ते 44 टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात दिसले. सगळे अभ्यास सारख्या तोलाचे नव्हते, हे आढावा घेणाऱ्यांनीच नमूद केले आहे. शिवाय कॅमेरा बहुधा जिथे आदल्या वर्षी अपघात खूप झाले तिथेच बसवतात, आणि अशा वाईट वर्षानंतरचे वर्ष काही न करताही थोडे बरे जाऊ शकते. तेवढे वजा केले तरी फायदा उरतोच. कारण साधे आहे. वेग ताशी 50 किलोमीटरवरून 60वर गेला की धडकेतली ऊर्जा 44 टक्क्यांनी वाढते. 'दहानेच तर वाढवला' म्हणणाऱ्याला हे गणित ठाऊक नसते, पण समोर आलेल्या पादचाऱ्याला ते भोगावे लागते.

दुसरा फायदा आकड्यांत सापडत नाही. चौकातला हवालदार कोणाला अडवतो, कोणाला सोडतो, कोणाशी बाजूला घेऊन बोलतो, हे आपण सगळे पाहत आलो आहोत. कॅमेऱ्याला ओळख सांगता येत नाही की वरच्या साहेबाला फोन लावून देता येत नाही. (नंबरप्लेट वाकवून ठेवणारे महाभाग मात्र त्याच्याही हातून सुटतात. त्यांच्यासाठी रस्त्यावर माणूसच लागेल.)

माझा खरा मुद्दा पिवळ्या दिव्याचा. सिग्नलच्या कॅमेऱ्यावर बोलताना सगळे लाल दिव्याबद्दल बोलतात, पण दंड कोणाला बसणार हे पुष्कळदा पिवळा दिवा किती सेकंद जळतो यावर ठरते. समजा, तुम्ही ताशी 60च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे पावणेसतरा मीटर, चौकाकडे येत आहात आणि वेगमर्यादाही 60चीच आहे. पिवळा लागला. तो दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो. मागचा आदळणार नाही अशा बेताने ब्रेक लावला, तर गाडी पूर्ण थांबायला त्या सेकंदासकट सुमारे 63 मीटर लागतात. पिवळा जर तीनच सेकंद असेल, तर तेवढ्यात तुम्ही फार तर 50 मीटर पुढे जाल. म्हणजे पिवळा लागला तेव्हा थांबरेषेपासून 50 ते 63 मीटरच्या पट्ट्यात असलेल्या चालकाला नीट थांबताही येत नाही आणि लाल लागण्याआधी रेषा ओलांडताही येत नाही. तो वेगात नाही, बेसावध नाही, तरी दंड त्यालाच. त्यातून वाचायला जो करकचून ब्रेक दाबतो, त्याच्यावर मागचा येऊन आदळतो. अमेरिकेच्या संघीय महामार्ग विभागाच्या 2005च्या अभ्यासात हेच दिसले : सिग्नलच्या कॅमेऱ्यांमुळे आडव्या धडका, म्हणजे आडव्या रस्त्याने आलेल्या गाडीशी होणाऱ्या, सुमारे 25 टक्क्यांनी घटल्या, मागून आदळण्याचे प्रकार सुमारे 15 टक्क्यांनी वाढले. आडवी धडक जास्त जीवघेणी, त्यामुळे सौदा एकूण फायद्याचाच म्हणायचा. पण पिवळा योग्य तेवढा ठेवला, तर मागच्या धडकांची एवढी किंमत मोजायचे कारण नाही.

हे कागदावरचे गणित नव्हे. शिकागोत पिवळा दिवा तीन सेकंदांपेक्षा कमी जळला असेल तर दंड करायचा नाही, असा दंडक होता. ठेकेदार बदलला आणि ही अट गुपचूप 2.9 सेकंदांवर आली. सेकंदाचा एक दशांश! तेवढ्यावर 77,000 जादा नोटिसा निघाल्याचे शहराच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या महानिरीक्षकांनीच 2014मध्ये सांगितले. अमेरिकेच्याच ओरेगन राज्यातल्या मॅट्स यार्लस्ट्रोम यांची कथा तर अजबच. पत्नीला सिग्नलच्या कॅमेऱ्याचा दंड झाला म्हणून त्यांनी पिवळ्या दिव्याचे सेकंद ठरवणाऱ्या सूत्राचा अभ्यास केला. वळण घेण्यासाठी वेग कमी करणाऱ्या गाडीला ते सूत्र पुरेसा वेळ देत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. राज्याच्या अभियंता मंडळाने उलट त्यांनाच 500 डॉलर दंड केला, का तर परवाना नसताना अभियांत्रिकी केली! ते कोर्टात जिंकले आणि 2020 साली वाहतूक अभियंत्यांच्या संघटनेने सूत्र सुधारले.

ठेक्याबद्दल थोडक्यात. कॅमेरा चालवणाऱ्याला दर नोटिशीमागे पैसे मिळणार असतील, तर नोटिसा कमी होणे त्याला कसे परवडेल? चांगल्या ठिकाणी बसवलेल्या कॅमेऱ्याची वसुली वर्षागणिक घटायला हवी, कारण लोक वेग आवरू लागतात. तरीही यंदा वसुली विक्रमी झाली म्हणून पाठ थोपटून घेतली जाते, तेव्हा मला हसावे की रडावे कळत नाही. ठेका ठरावीक रकमेचाच असावा.

आणि तक्रार ऐकणारा तिसरा माणूस हवा. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात एका जुन्या छोट्या दॅट्सन गाडीला ताशी 158 किलोमीटरची नोटीस गेली होती. ती गाडी तेवढी धावूच शकत नाही हे चाचणीत उघड झाले आणि पुढे सरकारला कितीतरी लोकांचे दंड परत करावे लागले. त्या राज्याने 2011मध्ये कायदा करून कॅमेऱ्यांसाठी स्वतंत्र आयुक्त नेमला. यंत्रांची अचूकता तपासणे हे त्याचे काम. दंड झालेल्याला दाद मागायला दंड करणाऱ्याच्याच दारात जावे लागू नये, एवढे तरी त्यातून घेण्यासारखे आहे.

शेवटी आपल्याला एक विनंती. दंडवसुलीचे आकडे आपण नियमित छापता. यापुढे त्याच बातमीत कॅमेरे बसलेल्या चौकांतले आधीचे आणि नंतरचे अपघातही छापावेत, आणि प्रत्येक चौकातला पिवळा दिवा किती सेकंदांचा आहे हे यंत्रणेकडून लेखी मागून घ्यावे. ते सेकंद घड्याळ लावून ताडून पाहण्याचे काम वाचक आनंदाने करतील. निदान मी तरी करीन.

आपला,
एक निवृत्त वाचक