दादाचं वजन, घेर आणि बिडी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

दादाला स्किझोफ्रेनिया या मनाच्या आजारावरची ओलान्झापिन ही गोळी चांगली लागू पडली, झोपही लागतेय, हे बरंच झालं. पण या गोळीने भूक खवळते, वजन वाढतं, रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड म्हणजे चरबी चढतात. स्किझोफ्रेनियाची माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा असतो. म्हणून मोजमाप आत्ताच सुरू करू.

बाबा, आजचं वजन वहीत लिहा. मग चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला, पुढे दर तीन महिन्यांनी. मूळ वजनाच्या पाच टक्के वाढलं, म्हणजे ७० किलोला साडेतीन, की पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. गोळी बदलायची की मेटफॉर्मिन ही साखरेवरची गोळी जोडायची, ते बघतील. आई, पोटाचा घेर तुझ्या शिवणाच्या टेपनेच घे: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, त्याने श्वास सोडल्यावर. पँटचा नंबर धरू नकोस, पँट पोटाखाली बसते. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंमीच्या वर धोका.

रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि लिपिड (रक्तातल्या चरबीची तपासणी) आत्ता, तीन महिन्यांनी, मग दरवर्षी. रक्त देण्याआधी चहासुद्धा नको.

भाकरी-आमटीने काही बिघडत नाही. शेंगाचटणी मात्र वर तेल न घालता, चमचाभर. खरी गडबड कोल्ड्रिंकची. गोळीने तोंडाला कोरड पडते आणि तो बाटली उघडतो. माठातलं पाणी त्याच्या हाताशी ठेवा. फिरायला सिद्धेश्वर तलावाकडे उजाडतानाच न्या. या गोळ्यांवर सोलापूरचं ऊन नीट सोसत नाही.

बिडी सुटायलाच हवी, पण डॉक्टरांना आधी सांगून. धुरामुळे यकृत ही गोळी भराभर मोडतं. बिडी थांबली की तोच डोस जड होऊन गुंगी येते. तंबाखू चघळण्याने असं होत नाही, पण म्हणून बिडीऐवजी मळून देऊ नका. हृदयाला तीही वाईटच.

छातीत दुखतंय, धाप लागतेय म्हणाला तर ‘मनाचं असेल’ म्हणून सोडू नका. १०८ लावा. दवाखान्यात आधी छातीचं सांगा, ईसीजी मागा, मग गोळ्यांची चिठ्ठी दाखवा. उलट क्रमाने सांगितलं की छातीचं मागे पडतं.

हे वाचून गोळी मात्र परस्पर बंद करू नका. आजार उलटला तर खाणं, फिरणं, तपासण्या सगळंच थांबेल.

रिपोर्टचे फोटो तारीख दिसेल असे पाठवा.

तुमची,
धाकटी