जिवाणूंचा त्याग आणि आमच्या ठेवी

मा. संपादक,
स. न.

काल हाती आलेल्या रविवार पुरवणीतला जिवाणूंच्या 'त्यागा'वरचा लेख वाचला. लेखकांनी मेहनत घेतली आहे, भाषाही गोड आहे. पण शेवटी शेवटी ते जिवाणूंना सोडून आमच्याकडे वळले आणि मराठवाड्यातल्या सहकाराने सूक्ष्मजीवांकडून त्याग शिकावा, असा उपदेश करून मोकळे झाले. तिथे मात्र राहवले नाही.

विषाणूने धरलेली पेशी विषाणू वाढायच्या आत स्वतःला संपवते आणि शेजारच्या पेशी वाचतात, हे खरे. पण त्या शेजारणी बहुधा तिच्याच जुळ्या, जनुके तीच. उत्क्रांतीचे अभ्यासक हॅमिल्टन यांनी १९६४ मध्येच हे गणित मांडून ठेवले आहे: आपला तो बाब्या. लेखकांनी नेमके तेवढे गाळले. आणि बॅसिलस सबटिलिसचे तर नावही नाही!

हा जिवाणू आपल्या मातीतच असतो. अन्न संपत आले की काही पेशी बीजाणू, म्हणजे उपासमारीत तग धरणारी कवचबंद पेशी, व्हायच्या तयारीला लागतात. ते काम तासन्‌तासांचे, आणि एका टप्प्यापुढे माघार नाही. मग या पेशी काय करतात, तर विष सोडतात. स्वतःपुरता उतारा आधीच तयार. जी भावंडे अजून तयारीला लागलेली नाहीत ती फुटून मरतात, त्यांच्यातून जे सांडते त्यावर या जगतात आणि बीजाणू होणे पुढे ढकलतात. हार्वर्डच्या रिचर्ड लोसिक यांच्या गटाने २००३ मध्ये 'सायन्स'मध्ये हे छापले. मेलेल्या भावंडांना कुणी विचारले नव्हते.

आमच्या तालुक्याच्या गावी एक पतसंस्था आहे. नाव लिहीत नाही, लिहिले तरी तुम्ही कापालच. निवृत्तीचे पैसे तिथे मुदत ठेवीत ठेवले. व्याज बँकेपेक्षा जास्त, शिवाय चेअरमन ओळखीचे. शटर खाली येण्याआधी संचालकांच्या नातलगांच्या ठेवी व्याजासकट निघाल्या होत्या, हे आम्हाला मागाहून कळले. इथेही उतारा आधीच तयार! बाकीचे आम्ही पासबुक घेऊन पायरीवर. माझ्या पावतीच्या मागे क्लार्कने पेन्सिलीने 'दिवाळीनंतर' असे लिहून दिले. कोणत्या दिवाळीनंतर, ते लिहिले नाही. वॉचमन म्हणतो, "गुरुजी, कामून चकरा मारायलात? साहेब मीटिंगला गेलेत." ती मीटिंग अजून चालू आहे. आणि आपले लेखक म्हणतात, सभासदांनी मोठ्या हितासाठी थोडे सोसावे! कोणाच्या हितासाठी, तेवढे कृपा करून कळवावे.

शिकायचेच तर बांधापलीकडच्या सोयाबीनकडून शिका म्हणावे. फुलोऱ्यातले झाड हलक्या हाताने उपटा, मुळावरची गाठ नखाने फोडा. आत लालसर गुलाबी दिसली तर गाठीतला जिवाणू हवेतले नत्र झाडाला देतो आहे. पांढरट किंवा हिरवट असेल तर नुसता बसून खातो आहे. झाड अशांचे लाड करीत नाही. संशोधक टोबी कायर्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्येच 'नेचर'मध्ये हे दाखवले. गाठींभोवतीच्या हवेतला नायट्रोजन काढून त्यांनी अरगॉन हा निष्क्रिय वायू भरला, म्हणजे जिवाणूंना मनात असूनही नत्र देता येईना. झाडाने कारण विचारले नाही. त्या गाठींचा ऑक्सिजन कमी केला, आतल्या जिवाणूंची वाढ साधारण निम्म्यावर आली. आमच्या पतसंस्थेला मात्र ऑडिटमध्ये दरवर्षी 'अ' वर्ग मिळत होता.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतचे चित्र जिवाणूचे नव्हतेच. टोकदार डोके, खाली दांडा आणि वाकलेले पाय असलेला तो टी-४, म्हणजे जिवाणूंना मारणारा विषाणू. ज्याच्यामुळे पेशीला जीव द्यावा लागतो, त्याचाच फोटो श्रद्धांजलीच्या चौकटीत! पुरवणीच्या टेबलावर विज्ञान शिकलेला एखादा माणूस बसवायला काय हरकत आहे?

आणि ही रविवारची पुरवणी आमच्याकडे सोमवारी दुपारी का येते? पैसे तर रविवारीच घेतात. विक्रेत्याला विचारले की तो तुमच्याकडे बोट दाखवतो. खुलासा व्हावा.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
ता. सेलू, जि. परभणी