अणुवीज: मेगावॉटचा आकडा आणि युनिटचा आकडा

प्रिय शिरीष,

देशाच्या विजेत अणुवीज दोन टक्के की तीन, यावरून तुमच्यात जुंपलीय म्हणतोस. दोघेही बरोबर आहात. एक जण मेगावॉट सांगतोय, म्हणजे वीज काढायची ताकद; दुसरा युनिट, म्हणजे प्रत्यक्ष निघालेली वीज.

मार्च 2024 अखेर देशाची स्थापित क्षमता सुमारे 442 गिगावॉट होती (एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट). त्यात अणुऊर्जा 8.18, म्हणजे दोन टक्क्यांनाही किंचित कमी. पण 2023-24 मध्ये तयार झालेल्या सुमारे 1,739 अब्ज युनिटपैकी 48 अब्ज अणुभट्ट्यांचे, म्हणजे पावणेतीन टक्के. (कारखान्यांनी स्वतःपुरती केलेली वीज यात धरलेली नाही.) सौरचं उलटं: क्षमतेत साडेअठरा टक्के, युनिटमध्ये पावणेसातच्या आत. कोळसा क्षमतेत निम्मा, युनिटमध्ये पाऊण. तेव्हा वर्तमानपत्रात नुसते मेगावॉट दिसले की मी ती बातमी अर्धीच धरतो.

हिशेब सोपा आहे. एक मेगावॉट वर्षाचे 8,760 तास अखंड चालला तर 87.6 लाख युनिट. अणुभट्टी प्रत्यक्षात यातले 80 टक्के काढते असं धर, 70 लाख. सौरला सढळ हाताने 20 टक्के दे, साडेसतरा लाख. तारापूरच्या 3 आणि 4 क्रमांकाच्या भट्ट्या मिळून 1,080 मेगावॉट. तेवढेच युनिट काढायला सौर 4,300 मेगावॉट लागेल, आणि रात्रीची सोय वेगळी.

आता तू म्हणशील, 8.18 गिगावॉटला 80 टक्के लावले तर 57 अब्ज यायला हवेत, 48 कसे? खरी मेख इथे आहे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या, 320 मेगावॉट, 2020 मध्येच दुरुस्तीसाठी बंद झाल्या होत्या. राजस्थानची पहिली, 100 मेगावॉटची, 2004 पासून बंद. गुजरातमधल्या काक्रापारची चौथी, 700 मेगावॉटची, व्यावसायिक उत्पादनात आली तीच 31 मार्च 2024 ला, आणि तिसरी, तीही 700 ची, जून 2023 अखेरीस. यादीत सगळ्यांचे मेगावॉट, युनिट मात्र चालत्यांचेच. एवढं वजा केलंस की तूट जवळजवळ भरते.

क्षमतेचा वापर कमी टक्के म्हणजे वाईट केंद्र, असंही नाही हं. कोयना 1,960 मेगावॉटची, पण पश्चिमेकडे वळवायचं पाणी वर्षाला 67.5 टीएमसी एवढंच, त्यामुळे वापर 20 टक्क्यांच्या आसपास. तिचं काम संध्याकाळची मागणी उचलण्याचं. काही मिनिटांत संच सुरू होतो. अणुभट्टीला ते जमत नाही. ती अचानक बंद पडली आणि अर्ध्या-पाऊण तासात सुरू झाली नाही, तर गाभ्यात झेनॉन वायू साचतो, तो अणुविखंडन चालू ठेवणारे न्यूट्रॉन गिळतो, आणि तो विरेपर्यंत सुमारे दीड दिवस थांबावं लागतं. म्हणून तिला एका भारावर चालवत ठेवतात.

शिवाय पंप वगैरे चालवायला केंद्र स्वतःच वीज खातं. तारापूरचा 540 चा संच ग्रिडला 490 च देतो. वरचे युनिट हा घास काढण्याआधीचे आहेत. पुढच्या वेळी वाद घालताना एकूण की निव्वळ, तेही आधी विचारून घे.

तुझा,
अविनाश