ते शून्य परत द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला १७ च्या भागाकारावरचा लेख वाचला. लेख मनापासून लिहिलेला आहे, पण १ भागिले १७ च्या उत्तरात दशांशचिन्हापुढे पुन्हा पुन्हा येणारी संख्या चौकटीत तुम्ही छापलीत ती अशी: ५८८,२३५,२९४,११७,६४७. पहिले शून्य कुठे गेले? ही संख्या सोळा अंकांची आहे: ०५८८२३५२९४११७६४७. हिची दुप्पट ११७६४७०५८८२३५२९४. अंक तेच, क्रम तोच, फक्त सुरुवात दुसरीकडून. थेट सोळा पटीपर्यंत हेच चालते. तुमच्या पंधरा अंकांत शून्यच नाही, मग दुपटीत ते मधेच कुठून उगवले? माझ्या नातीने काल गुणाकार केला, दोनदा तपासला आणि "आजोबा, माझंच चुकलं" म्हणून खोडून टाकला. तिचे बरोबर होते.

मला हे फार लागले. आठवीत असताना मी वही आडवी धरून १ भागिले १७ हा भागाकार ओढत नेला होता. १० मध्ये १७ जात नाहीत, म्हणून आधी शून्याचा भाग. सोळाव्या घरानंतर बाकी पुन्हा १ उरली, आणि तोवर १ ते १६ मधली प्रत्येक बाकी नेमकी एकदा येऊन गेली होती. संख्या फिरते ती यामुळेच. २ भागिले १७ म्हणजे तोच भागाकार, बाकी २ पासून पुढे. धावत जाऊन वही सरांना दाखवली. त्यांनी लाल पेनाने पहिले शून्य खोडले, "डावीकडच्या शून्याला किंमत नसते" म्हणाले आणि खालचे काही वाचलेच नाही. पंचावन्न वर्षे झाली, ती लाल रेघ अजून दिसते.

किंमत नसते कशी? देवळालीत आयुष्यभर मास्तरकी केलेल्या द. रा. कापरेकरांची रीत घ्या. चार अंकी संख्येचे अंक उतरते आणि चढते मांडून वजाबाकी करायची, उत्तरावर पुन्हा तेच; चारही अंक सारखे नसले तर शेवटी ६१७४ येते. २१११ घ्या: २१११ − १११२. उत्तर ०९९९ असे लिहिले, तर पुढे ८९९१, ८०८२, ८५३२ करत ६१७४ वर पोचता. शून्य टाकले तर ९९९ मधून ९९९ गेले, हाती काही नाही.

"कोणतीही मूळ संख्या घ्या" की असेच एक चक्र मिळते, हे लेखातले वाक्यही चूक आहे. १३ घेतले तर ०७६९२३ आणि १५३८४६ अशी दोन वेगळी चक्रे पडतात. १७ सारखे, सगळ्या पटींना पुरणारे एकच पूर्ण चक्र देणाऱ्या मूळ संख्या अनंत आहेत की नाहीत, हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही.

कृपया दुरुस्ती त्याच चौकटीत, तेवढ्याच मोठ्या टायपात छापावी. कोपऱ्यातली बारीक ओळ मुले वाचत नाहीत.

आपला,
एक जुना वाचक, नाशिक रोड

ता.क. : अर्थसंकल्पाचे आकडे तुम्ही लाख-कोटीत छापता, मग इथेच तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम का? मराठी वाचकाला ही संख्या मोठ्याने वाचताच येत नाही. नात "पाचशे अठ्ठ्याऐंशी" म्हणून तिथेच अडली.