पुस्तकांची दलाली

बेंगळुरू

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू हसत हसत सांगितलंस, पण मला ते लागलं. टिळकवाडीतल्या लग्नात कुणीतरी विचारलं, मुलगी बेंगळुरूत काय करते, आणि बाबा आवाज खाली करून म्हणाले, "पुस्तकांची दलाली." शब्द बरोबर आहे. आवाज का खाली केलात बाबा? आपल्या बेळगावच्या रविवार पेठेत अडतीवर तुम्ही चाळीस वर्षं दिवाणजी होतात की!

लेखक हस्तलिखित माझ्याकडे देतो. वाचून मी दुरुस्त्या सुचवते, कुठल्या प्रकाशकाला ते रुचेल ते ठरवते, भाव करते, करार तपासते. पुस्तक विकलं गेलं तर देशात साधारण 15 टक्के माझे, परदेशातल्या हक्कांवर 20. विकलं नाही तर शून्य. वाचण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, हा या धंद्यातला धर्म. म्हणून तर पहिली तीन वर्षं मी रात्री मुद्रितं तपासून भाडं भरत होते. तेव्हा "बरं चाललंय" म्हणायची, ते खोटं होतं.

ॲडव्हान्स म्हणजे तुमची उचल. रॉयल्टीतून ती फिटेपर्यंत लेखकाच्या हातात पुढचा रुपया पडत नाही. आणि रॉयल्टीचा हिशेब म्हणजे पट्टी. हमाली किती, तोलाई किती, अडत किती, खाली हातात काय. बहुतेक लेखक ती पट्टी वाचतच नाहीत. मोठमोठे लेखकसुद्धा.

मीही एकदा नीट वाचली नाही. पहिल्याच करारात एक ओळ सुटली आणि त्या लेखिकाबाईंच्या पुस्तकाच्या सगळ्या भाषांतरांचे हक्क प्रकाशकाकडे गेले. त्यांनी मला एक शब्द सुनावला नाही, ते जास्त वाईट. त्यानंतर मी 1957 चा कॉपीराइट कायदा बसून वाचला. कलम 19 मध्ये आहे, करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण "कायमचे, जगभर" असं छापलेल्या कागदावर सही झाली, की या कलमाचा काय उपयोग? आनंदाच्या भरात लेखक कशावरही सही करतात.

आता जे सांगायचं वर्षभर टाळलं ते. माझं पोट सध्या जास्त करून कन्नडवर चालतंय. 2025 मध्ये बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. 50 हजार पौंड, त्यातले निम्मे अनुवादक दीपा भास्ती यांना. तेव्हापासून इंग्रजी प्रकाशक स्वतःहून विचारतात, कन्नडमध्ये आणखी काय आहे? आणि मूळ कन्नड वाचून सांगणारी मी. गेल्या महिन्यात धारवाडकडच्या एका लेखिकेचं पुस्तक लंडनला दिलं. आजवरचा माझा सगळ्यात मोठा सौदा.

तुम्ही 1986 ला कन्नडसक्तीविरुद्ध हिंडलग्याच्या तुरुंगात गेलात, अजून एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला दंडाला काळी फीत बांधून फेरीत चालता. तुम्हाला हे कसं सांगू, कळेना. सक्तीला तुमच्याइतकाच माझाही विरोध आहे, मराठीत सरकारी कागद मागायचा हक्क मी सोडलेला नाही. पण शाळेच्या सुट्टीत डबा घेऊन यायची तेव्हा मी पेढीवर बघितलंय. बैलहोंगलचा शेतकरी पट्टी हातात धरून उभा असायचा, आणि तुम्ही चष्मा वर करून, "नोड्री, हमाली इष्टु, तोलाई इष्टु" म्हणत एकेक आकडा बोटाने दाखवायचात. तो "आय्तु" म्हणेपर्यंत पैसे मोजायचे नाहीत. मालक चिडायचे. माझं पहिलं कन्नड ते, शाळेतलं नंतरचं.

मराठीचंही चालू आहे, पण जड जातं. कडोलीच्या साहित्य संमेलनात एका मुलाने कथा वाचली होती, ती घेऊन मी चार दारं फिरले. दोघांनी उत्तरसुद्धा दिलं नाही. अजून सोडलेलं नाही.

पुढच्या शनिवारी राणी चन्नम्मा एक्सप्रेसने येते. आई, मांडे आणून ठेवू नकोस, येऊन आपण दोघी जाऊ.

बाबा, सोबत लंडनच्या कराराची प्रत आहे. इंग्रजी आहे, पण आकडे तुम्हाला कळतील. पान 6 वरची कपात मला खटकतेय, बघून ठेवा. झेरॉक्स आहे, पेनाने खुणा केल्यात तरी चालेल.

तुमची,
माई