माननीय उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, तोंडी परीक्षेच्या त्या पाच मिनिटांबद्दल

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. सत्र संपत आले की आमच्याकडे ओरल लागतात, बाहेरून एक्सटर्नल (परीक्षक) येतात आणि जर्नल छातीशी धरून मुले पॅसेजमध्ये रांगेने उभी राहतात. एकेकाच्या वाट्याला जेमतेम पाच-सात मिनिटे येतात. बोलताना ज्याची वाचा अडते त्याचे या पाच मिनिटांत काय होते, ते आपल्या कानावर घालायचे आहे.

अशा मुलाला उत्तर येत असते, पण शब्द बाहेर पडत नाही. एरवी तो अडणारा शब्द टाळून दुसरा वापरतो आणि निभावून नेतो. ओरलमध्ये ही वाट बंद होते. ‘ट्रान्सफॉर्मर’ला तो दुसरा शब्द कुठून आणणार? स्वतःच्या नावालाही पर्याय नसतो, म्हणून ‘नाव सांग’ या सगळ्यात सोप्या प्रश्नावरच अनेक जण अडकतात. समोरचा परीक्षक घड्याळ बघतो, नाहीतर ‘रिलॅक्स, रिलॅक्स’ म्हणू लागतो. (या ‘रिलॅक्स’ने कोणाचे अडखळणे थांबलेले मी तरी पाहिलेले नाही.) शेवटी मुलगा मनाशी हिशेब करतो आणि ‘माहीत नाही, सर’ म्हणून मोकळा होतो, कारण तेवढे शब्द निघतात. गुणपत्रिकेवर मात्र तो विषयातच कच्चा ठरतो.

तोच मुलगा कँटीनमध्ये मित्रांशी बऱ्यापैकी सलग बोलताना दिसला की ‘नाटकं करतो’ हा शेरा स्टाफरूममध्ये ठरलेला. तोतरेपणा माणसागणिक, प्रसंगागणिक, दडपणागणिक कमीजास्त होतो, हे कोणीही वाचातज्ज्ञ सांगेल. प्रौढांमध्ये साधारण शंभरात एकाला हा त्रास असतो असे मानले जाते. म्हणजे हजार मुलांच्या कॉलेजात असे दहाएक जण असणार. ते दिसत नाहीत, कारण ते बोलतच नाहीत.

पूर्वी कला-वाणिज्यचा विद्यार्थी वर्गात तोंड न उघडताही पदवीधर होऊ शकत असे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर सेमिनार, पीपीटी, गटचर्चा, फील्ड प्रोजेक्टचे सादरीकरण, ऑन जॉब ट्रेनिंगची व्हायवा असे बरेच काही आले. बदलाला माझा विरोध नाही. पण बोलण्यावर गुण वाढवताना ज्यांना बोलणेच जड जाते त्यांचा विचार नियमावलीत कुठे केला आहे, हे मला शोधून सापडत नाही.

विचारले तर उत्तर मिळते, ‘दिव्यांगतेचे प्रमाणपत्र आणा, मग बघू.’ घोडे पेंड खाते ते इथेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात वाचा व भाषा दिव्यांगता आहे, पण तिची व्याख्या स्वरयंत्र काढल्यामुळे किंवा अफेजियासारख्या (मेंदूला इजा होऊन भाषा हरवण्याच्या) स्थितीमुळे आलेल्या, शारीरिक वा मज्जासंस्थेच्या कारणांच्या कायमस्वरूपी दिव्यांगतेची आहे. लहानपणापासूनचा तोतरेपणा तिच्यात सहजी बसत नाही. ज्यांना प्रमाणपत्र मिळते त्यांचीही वाट सरळ नाही. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी ताशी किमान २० मिनिटे जादा दिली, ती लेखी परीक्षेसाठी. ज्याचा हात चालतो आणि वाचा अडते त्याला या जादा वेळाचा काय उपयोग?

सर्वोच्च न्यायालय मात्र प्रमाणपत्रावरच्या दिव्यांगतेच्या टक्केवारीपुढे गेले आहे. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की वाजवी सोयीसाठी ४० टक्के दिव्यांगतेची अट लावता येणार नाही. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात, वाचा दिव्यांगता ४० टक्क्यांहून जास्त असलेल्या विद्यार्थ्याचा एमबीबीएस प्रवेश न्यायालयाने मान्य केला. केवळ आकड्यावरून अपात्र ठरवू नका, तो अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का ते तपासा, असे बजावले. डॉक्टर होऊ पाहणाऱ्याला हा न्याय मिळतो, तर डिप्लोमाच्या मुलाला ओरलमध्ये कागदावर उत्तर लिहू द्यायला काय हरकत आहे?

‘हा विषय दिव्यांग कल्याण विभागाचा’ असे उत्तर कृपया येऊ देऊ नये. तो विभाग राज्याने २०२२ मध्ये स्वतंत्र केला, त्याचे कौतुकच आहे. वाचा-उपचार वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेपासून आणि नायर रुग्णालयापासून दूर, नंदुरबार-गडचिरोलीपर्यंत कसे पोहोचवायचे, हे त्यांनी आणि आरोग्य खात्याने मिळून पाहावे. परीक्षा आपल्या खात्याच्या आहेत.

आपण सर्व विद्यापीठांना आणि तंत्रशिक्षण मंडळाला एक परिपत्रक काढायला सांगावे. तोंडी परीक्षेत जादा वेळ, उत्तर लिहून किंवा टाइप करून देण्याची मुभा, सादरीकरण वर्गासमोर न करता फक्त शिक्षकांसमोर किंवा रेकॉर्ड करून देण्याची सोय, आणि जिथे वक्तृत्व हा विषयच नाही तिथे ओघवत्या बोलण्याला गुण नाहीत, एवढे त्यात असावे. पुरावा म्हणून वाचातज्ज्ञाची चिठ्ठी पुरावी. तो तालुक्यात नसेल तर विभागप्रमुखाचे पत्र चालावे. गैरफायदा घेतला जाईल, ही शंका येणारच. पण लिहून उत्तर देणाऱ्यालाही उत्तर यावेच लागते, मग त्यात फायदा तो कसला?

परीक्षा अर्जावर एक ओळ वाढवावी, ‘तोंडी परीक्षेत सोय हवी आहे का?’ आणि ते उत्तर एक्सटर्नलच्या यादीत मुलाच्या नावापुढे आधीच छापलेले असावे, म्हणजे दारातून आत आल्यावर त्याला ते बोलून सांगावे लागणार नाही. हिवाळी सत्राचे अर्ज सुटण्याआधी हे झाले तर याच वर्षीच्या मुलांना उपयोग होईल.

आपला,
अभियांत्रिकीचा एक प्राध्यापक